पाहुण्यांना काय दाखवायचं?

गेल्या डिसेंबरात मावशीकडची मंडळी आली होती. मंडळी म्हणजे मावशी स्वतः (मुक्काम लालबाग, वय पंच्याहत्तर, गुडघे तेवढे नव्वदीचे), तिचा मुलगा म्हणजे आमचा दादा, वहिनी आणि त्यांची दोन पोरं. दादा-वहिनी बरीच वर्षं न्यू जर्सीत आहेत. पोरगी पंधराची, पोरगा दहाचा. नाताळच्या सुट्टीत मुंबईला आले होते, त्यातले तीन दिवस आमच्या वाट्याला आले. मी नोकरीसाठी पुण्यात असलो तरी आई-बाबा गावीच असतात. नारायणगावपासून थोडं आत, येडगाव धरणाच्या फुगवट्याला लागून आमचं शेत आणि घर आहे. शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून निघून, चाकणच्या ट्रॅफिकला मनसोक्त शिव्या घालून घरी पोचलो, तेव्हा जेवणं उरकली होती आणि पुढच्या दोन दिवसांचं नियोजन चालू होतं.

नियोजन म्हणजे एक्सेल शीट. दादाही आमच्याच धंद्यातला, त्यामुळे ते ओघानंच आलं. ठिकाण, घरापासून अंतर, लागणारा वेळ आणि 'मुलांना आवडेल का' असे चार कॉलम. ओळी सात : शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, खोडदची दुर्बीण, माणिकडोहचे बिबटे, भीमाशंकर. मला तर कौतुकच वाटलं. २०१८ साली सरकारने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला, पण इतकी नीटनेटकी यादी मी तरी कुठे बघितली नव्हती.

मावशी सुपारी कातरत बसली होती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "आणि आंबेगाव?"

"आई, तिथे आता काय आहे बघायला?" दादा म्हणाला.

मावशीने सुपारी तोंडात टाकली आणि विषय तिथेच थांबला.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नकाशात बघाल तर जुन्नरच्या दक्षिणेला आंबेगाव तालुका आहे. तालुक्याचं ठाणं घोडेगावला, मोठी बाजारपेठ मंचरला. सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर सगळीकडे 'तालुका आंबेगाव' असं लिहितात. पण ज्या गावावरून हे नाव पडलं ते जुनं आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात गेलं. माझी आई आणि मावशी त्या गावच्या. म्हणजे ते माझं आजोळ. मी तिथे सुट्टीला गेल्याचं मला अंधुक आठवतं : एक ओसरी, हिरड्याची पोती आणि पोत्यांचा तो तुरट वास. बाकी सगळं ऐकीव.

असो. शनिवारी सकाळी इनोव्हात बसून निघालो.

शिवनेरीबद्दल मी नवीन काय सांगणार? १९ फेब्रुवारी १६३०, शिवाई देवी, जन्मस्थानाची इमारत, शिवकुंजातले जिजाऊ आणि बाल शिवाजी. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यात हा एक. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून गर्दी वाढली आहे, असं पायथ्याच्या चहावाल्याचं म्हणणं. मावशी आणि आई खाली त्याच्याकडेच बसल्या, आम्ही वर गेलो. पुतणीला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते याचं, की ज्या किल्ल्यावर महाराजांचा जन्म झाला तो त्यांना हयातीत परत घेता आला नाही. १६५७ मध्ये त्यांनी खालचं जुन्नर लुटलं, पुढे किल्ल्यावरही प्रयत्न झाले, पण गड मोगलांकडेच राहिला. मराठ्यांकडे तो आला शाहू महाराजांच्या काळात. "पण मग बोर्डवर हे का नाही लिहिलेलं?" असं ती म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. जन्मस्थान दाखवायला आलेल्या माणसाला आपण अर्धीच गोष्ट सांगतो, हे खरंच आहे.

माझं स्वतःचं शिवनेरीवरचं आवडतं ठिकाण म्हणजे पाण्याची टाकी. गंगा-जमुना ही दोन टाकी सगळे बघतात, पण त्याखेरीज डोंगरभर खडकात खोदलेली टाकी आहेत आणि त्यातली बरीच किल्ल्याच्या कितीतरी आधीची, लेणी खोदणाऱ्यांच्या काळातली. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत, आणि त्यांतल्या ब्राह्मी शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' असा शब्द येतो. इथल्याच एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दान दिल्याचं नमूद आहे. यवन म्हणजे बहुधा ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला कुणीतरी. दोन हजार वर्षांपूर्वी कुठून तरी समुद्र ओलांडून जुन्नरला आला, आणि डोंगरात दोन टाकी खोदून गेला. कशासाठी, तर वाटसरूला, भिक्षूला पाणी मिळावं म्हणून. मी हे अमेरिकेच्या पोरांना जरा जास्तच रंगवून सांगितलं. पुतण्या म्हणाला, "म्हणजे तो एनआरआय होता." उलट दिशेचा, पण चालेल.

लेण्याद्री लवकर आटोपलं. तीनशेच्या आसपास पायऱ्या, माकडं, पुरातत्त्व खात्याचं तिकीट (अष्टविनायकांपैकी डोंगरावर आणि बौद्ध लेण्यात असलेला हा एकच), आत तो अवाढव्य खांब नसलेला विहार. मावशीसाठी डोली ठरवत होतो, तर म्हणाली, "मी काय नवरी आहे का?" आणि खालूनच हात जोडले. दुपारी जुन्नरला जेवून नाणेघाटाकडे निघालो. गाडीत बसता बसता तिने विचारलं, "इथून आंबेगाव किती रे?"

"उद्या जाऊ मावशी," मी म्हटलं. दादाने आरशातून माझ्याकडे बघितलं. शीटमध्ये उद्या भीमाशंकर होतं.

नाणेघाट मात्र मी कुणालाही घाईत दाखवत नाही. कोकणातून जुन्नरला येणारा हा सातवाहनांच्या काळातला व्यापारी रस्ता. घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. खाली गुहेत नागनिका राणीचा शिलालेख आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरले होते, त्यांचे आता नुसते पाय उरलेत आणि वर नावं. पण आमच्यासारख्या आकडेमोड करून पोट भरणाऱ्यांसाठी खरी गंमत लेखातल्या आकड्यांत आहे. यज्ञात किती गायी दिल्या, किती कार्षापण दिले, ते सगळं आकड्यांत कोरलंय. हजार गायी, अकरा हजार गायी, असे. आपण आज लिहितो त्या २, ४, ६, ७, ९ यांचे पूर्वज या भिंतीवर आहेत. शून्य मात्र नाही. शंभराला वेगळं चिन्ह, हजाराला वेगळं. शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलं की चारशे, हजाराच्या चिन्हाला जोडलं की चार हजार. म्हणजे स्थानावरून किंमत ठरत नाही, चिन्हालाच किंमत चिकटलेली. दादा आणि मी तिथे उभं राहून पाऊण तास यावर बोललो. या पद्धतीत बेरीज कशी लिहाल, गुणाकार कसा कराल... वहिनी शेवटी म्हणाली, तुम्ही दोघं सुट्टीवर आहात ना?

येताना नारायणगावहून खोडदच्या रस्त्याने थोडं आत जाऊन दुर्बिणीच्या तबकड्या लांबूनच बघितल्या. आत जायला आधी परवानगी काढावी लागते, ती काढली नव्हती. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मधल्या चौकात आणि १६ इंग्रजी वाय आकारात दूरवर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली, त्याचं एक कारण म्हणजे इथे रेडिओ लहरींचा गोंगाट कमी आणि भोवती डोंगरांचा आडोसा. पुतण्याला हे पटलं नाही, कारण तेवढ्यात शेजारून डीजे लावलेला एक टेम्पो गेला. वेगळा गोंगाट, वेगळी फ्रिक्वेन्सी, असं त्याला समजावलं.

आता बिबट्या. पोराला या सगळ्या सहलीत बघायचा होता तो फक्त बिबट्या. माणिकडोहचं केंद्र हे काही प्राणिसंग्रहालय नाही, पकडलेले, जखमी झालेले बिबटे तिथे ठेवतात, त्यामुळे ती ओळ मी शीटमधून आधीच उडवली होती. तो हिरमुसला. पण शनिवारी रात्री जेवण झाल्यावर तो सहज अंगणात जायला निघाला, तर बाबा इतक्या जोरात ओरडले की घर शांत झालं. आमच्याकडे दिवस मावळल्यावर पोरांना एकटं बाहेर सोडत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला होता. बाबांना रात्री मोटार चालू करायला जायचं असतं, कारण शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसा येते आणि कधी रात्री. हातात बॅटरी, काठी, आणि मोबाईलवर मोठ्याने लावलेलं भजन. "भक्ती वाढली काय तुमची?" असं दादाने विचारलं, तर बाबा म्हणाले, "त्याला कळायला पाहिजे ना, माणूस येतोय."

मग पोरांना बसवून जे माहीत आहे ते सांगितलं. आमच्याकडचा बिबट्या जंगलातून वाट चुकून येत नाही. तो उसातच जन्मतो, उसातच वाढतो. ऊस वर्षभर उभा, आडोसा, पाणी आणि भोवती कुत्री-शेळ्या, त्याला आणखी काय पाहिजे? २००१ पासून इथले बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूर सोडून देण्याचा प्रयोग झाला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले : आधी वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत होते, पकडून सोडणं सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. म्हणजे जो उपाय सगळ्यांच्या तोंडी असतो ('पकडून न्या त्याला भीमाशंकरला'), त्यानेच प्रकरण वाढलं. हे मी गावात बोललो तर लोक मला म्हणतात, तू पुण्यात राहतोस. त्यांचंही बरोबर आहे. ज्याच्या घरातलं पोर गेलं त्याला सरासरी सांगता येत नाही.

"पण मग ऊस का लावता?" पुतणीने सरळ विचारलं.

बाबांनी उत्तर दिलं ते एका शब्दात. "पाणी."

हे जरा सविस्तर सांगायला हवं. कुकडी प्रकल्पात पाच धरणं आहेत : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. पहिली चार जुन्नर तालुक्यात, डिंभे आंबेगावात. ही सुटी सुटी धरणं नाहीत, एकमेकांना जोडलेली आहेत. डिंभ्याचा डावा कालवा डोंगराच्या कडेकडेने ५० किलोमीटरच्या वर चालत येतो आणि येडगावच्या जलाशयात पाणी सोडतो. तिथून कुकडीचा डावा कालवा ते पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, थेट सोलापूर जिल्ह्यात करमाळ्यापर्यंत नेतो. येडगाव म्हणजे आमच्या भाषेत बफर. आणि त्या बफरच्या काठावर आमची मोटार बसवलेली आहे. माझ्या आजोबांच्या वेळी या शेतात बाजरी आणि मटकी व्हायची. आता ऊस, टोमॅटो, थोडी द्राक्षं. माझं इंजिनिअरिंगचं शिक्षण याच पाण्यावर झालं.

हे सगळं बाबा पोरांना टेबलावर वाट्या मांडून दाखवत होते. ही वाटी डिंभे, ही येडगाव, हा चमचा कालवा. मावशी पलंगावरून बघत होती. ती म्हणाली, "म्हणजे आमच्या दारातलं पाणी तुमच्या उसाला येतं."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तीस वर्षं झाली, मी तेच पाणी पिते."

कुणी काही बोललं नाही. नंतर दादाने लॅपटॉप उघडला आणि भीमाशंकरची ओळ खोडून तिथे डिंभे लिहिलं.

रविवारी सकाळी ओझरला विघ्नहराचं दर्शन घेतलं (मावशीचा आग्रह, आणि घरापासून जवळ), मग मंचर, घोडेगाव करत डिंभ्याला. घोडेगाव सोडलं की डोंगर जवळ येतात, ऊस कमी होतो, भातखाचरं सुरू होतात. पुढे माळीणचा फाटा लागतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली, ते माळीण. वहिनीने विचारलं, तिथे स्मारक आहे ना, बघायचं का? आई म्हणाली, नको, ते बघायचं ठिकाण नाही. मला आईचं पटलं. ज्यांना जायचं ते जातात, पण दर्शनीय स्थळ म्हणून पोरांना घेऊन तिथे जाऊन उभं राहणं माझ्याने होत नाही.

धरणाच्या पुढे रस्त्याच्या कडेला एके ठिकाणी गाडी थांबवली. डिसेंबर महिना, जलाशय चांगलाच भरलेला, निळाशार पाणी, पलीकडे सह्याद्रीची रांग. खरं सांगायचं तर दृश्य फारच सुंदर होतं. वहिनीने फोटो काढायला फोन काढला आणि मग तसाच पर्समध्ये ठेवला.

आई आणि मावशी कडेला उभ्या राहिल्या. आधी दोघी गप्प. मग मावशीने हात वर करून एका सोंडेकडे बोट दाखवलं. "त्या डोंगराच्या नाकाखाली आपला मळा."

"काहीतरीच. मळा अलीकडे. शाळेच्या वरून दिवस उगवायचा, तू उलट्या बाजूला उभी आहेस."

"मी मोठी का तू?"

"तू लग्न होऊन मुंबईला गेलीस. शेवटपर्यंत मी होते इथे."

हे अर्धा तास चाललं. गाव दिसत नव्हतं, पण डोंगर जागच्या जागी होते, त्यामुळे डोंगरावरून खाली उतरत उतरत दोघी गाव मांडत होत्या. हिरड्याचं दुकान, चावडी, नदीवर धुणं धुवायचे दगड. मावशीला बाजार आठवत होता, आईला ट्रक आठवत होते. तुळया, पत्रे, दारं, जात्याच्या तळ्या, जे काढता येईल ते काढून ट्रकमध्ये भरलेलं. आमच्या घरातला देवळीचा चौकट-दरवाजा तिथलाच आहे, हे मला त्या दिवशी कळलं. त्याला टेकून मी लहानपणी अभ्यास केलाय. आजोबांना मोबदला किती मिळाला आणि तो कुठे गेला यावरही एक फेरी झाली. तो विषय मामांच्या घरी काढायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे, इथेही नको.

पुतण्या बराच वेळ ऐकत होता. त्याने मला हळूच विचारलं, "दे डिडन्ट आस्क देम?" मी म्हटलं, नोटिसा आल्या होत्या, माणसं मोर्चे घेऊन गेली होती, पण धरण होणार का नाही हे विचारायला कुणी आलं नव्हतं. पुढे त्याला मी हेही सांगितलं, की पाण्याच्या वरच्या डोंगरांत जी आदिवासी कुटुंबं राहिली, त्यांचं आजोबांपेक्षा फार वाईट झालं. नदीकाठची चांगली जमीन गेली आणि उतार उरला. त्यांच्याबरोबर 'शाश्वत' नावाच्या संस्थेने काम केलं, उतारावर पडकई करून भातखाचरं बांधली, जलाशयात मासेमारीचा हक्क मिळवला. २०१२ साली त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आमच्या येडगावच्या काठावर याची गंधवार्ताही नसते. आम्हाला डिंभे माहीत असतं ते टक्केवारीत. यंदा डिंभे किती टक्के भरलं? शंभर? मग चिंता नाही.

रात्री दादाने टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि गूगल अर्थमध्ये डिंभ्याची जुन्या तारखांची चित्रं काढली. एका उन्हाळ्यातल्या चित्रात पाणी पार खाली गेलेलं होतं. तपकिरी गाळ, मधून नदीचं जुनं पात्र, आणि एका ठिकाणी फिकट सरळ रेषा. डोंगरात सरळ रेषा आपोआप येत नाहीत. दादा झूम करत गेला तसं चित्र धूसर होत गेलं. मावशी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. चष्मा काढला, परत लावला. "ही बाजारपेठेची आळी," तिने जाहीर केलं. आईने मान हलवली, पण या वेळी वाद घातला नाही.

"हे असं कधी दिसतं?" मावशीने बाबांना विचारलं.

बाबांना हे तोंडपाठ आहे. उन्हाळी आवर्तन सुटलं की डिंभे उतरायला लागतं. खालच्या तालुक्यांनी मागणी लावून धरली आणि पाणी जास्त दिवस चाललं, तर मेमध्ये तळ दिसतो. आवर्तन लांबलं किंवा मागच्या वर्षीचं पाणी शिल्लक असलं, तर नाही दिसत. म्हणजे आमच्या आणि करमाळ्यापर्यंतच्या लोकांच्या उसाला पाणी आलं तर आईचं गाव वर येतं. पोरांना हे फार विचित्र वाटलं. मला इतकी वर्षं आवर्तनाच्या तारखा बघूनही हे सुचलं नव्हतं, आईने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

दादा-वहिनी जानेवारीत परत गेले. मावशीने मात्र मेच्या दुसऱ्या आठवड्यात यायचं नक्की केलंय, एकटी, लालपरीने, मी न्यायला येतो म्हटलं तरी ऐकत नाही. दर रविवारी बाबांना फोन करते. ख्यालीखुशाली झाली की विचारते, "डिंभे किती टक्के?"

काल ते म्हणाले, उतरतंय.